संगीताच्या इतिहासात ६ फेब्रुवारीला काय काय घडलं आहे?

६ फेब्रुवारी म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा लतादीदीच आठवतात. २०२२ साली, वसंत पंचमीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्या गेल्या. वय ९२. संध्याकाळी शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. आमच्या घरी त्या दिवशी टीव्ही बंदच झाला नाही. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दोन मिनिटं उभी राहायची आणि पदराने डोळे पुसत परत आत जायची.

त्या दिवशी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ किती वेळा कानावर पडलं, मोजदाद नाही. पण ज्यांनी ते लिहिलं त्या कवी प्रदीप यांची जयंतीही त्याच दिवशी होती, हे माझ्या रात्री उशिरा लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. प्रदीपजींचा जन्म ६ फेब्रुवारी १९१५ चा, उज्जैनजवळच्या बडनगरचा. दीदी जन्मल्या इंदूरला. म्हणजे दोघंही माळव्यातले.

१९६२ च्या युद्धानंतर माहीमच्या किनाऱ्यावर फिरताना प्रदीपजींना या गाण्याच्या ओळी सुचल्या, असं सांगतात. चाल दिली आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये दीदींनी ते पंडित नेहरूंसमोर गायलं आणि नेहरूंचे डोळे भरून आले. माहीमचा तो किनारा आणि शिवाजी पार्क यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर आहे. गाणं जिथे सुचलं, तिथून हाकेच्या अंतरावर ते गाणाऱ्या दीदींना निरोप दिला गेला, तोही कवीच्या जन्मदिवशी. मला तरी यापेक्षा मोठा योगायोग माहीत नाही.

जगातल्या नोंदी हव्या असतील तर बॉब मार्लेचा जन्मही याच तारखेचा, १९४५ चा, जमैकातल्या नाइन माइल गावचा. जेमतेम ३६ वर्षांचं आयुष्य, पण तेवढ्यात या गायकाने रेगे हे जमैकाचं संगीत जगभर पोहोचवलं. अमेरिकी गायिका नॅटली कोल १९५० मध्ये याच दिवशी जन्मली, आणि आयरिश गिटारवादक गॅरी मूर २०११ मध्ये याच दिवशी गेला.

मला खंत आहे ती प्रदीपजींची. ही तारीख आता दीदींची पुण्यतिथी झाली, आणि ते साहजिकच आहे. पण १९४३ च्या ‘किस्मत’मधल्या ‘दूर हटो ऐ दुनियावालों’मुळे ज्यांना इंग्रज सरकारपासून लपून राहावं लागलं, तो हा कवी. शिवाय ते स्वतः गायचेही. ‘आओ बच्चों तुम्हें दिखाएँ’मधला मोकळा, शाळामास्तरासारखा खडा आवाज त्यांचाच आहे. येत्या ६ फेब्रुवारीला दीदींच्या गाण्यांआधी तेवढं एक जरूर लावा.