पशुवैद्याला विचारा: घोड्याचं वीर्य सकाळपर्यंत का टिकलं नाही?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आमच्याकडे मारवाडी घोडा आहे. नैसर्गिक पद्धतीने भरवलं की त्याच्यापासून घोड्या गाभण राहतात. अकलूजच्या मित्राच्या घोडीसाठी त्याचं वीर्य काढलं, त्यात गाईचं कच्चं दूध मिसळलं आणि बर्फाच्या थर्मासमधून रात्रीच्या गाडीने पाठवलं. काढलं तेव्हा शुक्राणू जोमात पळत होते. सकाळी तिथल्या डॉक्टरांना एकही हलताना दिसला नाही. घोड्यात दोष आहे का? विकून टाकू का?
– एक वाचक, जि. नंदुरबार

उत्तर: मुळीच विकू नका. ज्याची शिंगरं तुमच्या डोळ्यांसमोर आहेत, त्या घोड्याला एका थर्मासवरून नापास करणं अन्यायाचं आहे. तुमच्या पत्रातल्या दोनच गोष्टी शुक्राणू मारायला पुरेशा आहेत: कच्चं दूध आणि बर्फ.

दुधाची कल्पना मुळात बरोबर आहे. घोड्यासाठी सर्वाधिक वापरलं जाणारं एक्स्टेंडर, म्हणजे वीर्य पातळ करून टिकवणारं द्रावण, साय काढलेल्या दुधाची पावडर, ग्लुकोज आणि प्रतिजैविक यांचंच असतं. पण कच्च्या दुधातलं लॅक्टेनिन शुक्राणूंना मारक असतं आणि ते नीट तापवल्याशिवाय निष्प्रभ होत नाही. तेव्हा घरचं दूध नको, तयार एक्स्टेंडरच आणा. ते 37 अंशांपर्यंत कोमट करून ठेवा. वीर्य गाळून चिकट जेल बाजूला काढलं की लगेच मिसळा, एका भागाला किमान चार भाग. इथे हात आखडू नका. घोड्याचं स्वतःचं वीर्यद्रव, म्हणजे शुक्राणू ज्यात पोहतात तो द्रव, जास्त राहिलं तर साठवणीत तेच शुक्राणूंना बाधतं. मिश्रणात ते 20 टक्क्यांच्या आतच हवं. मोजणीची सोय असेल तर मिलिलिटरला 2.5 ते 5 कोटी शुक्राणू ठेवा. ऊन, पाणी, साबणाचा अंश आणि रबरी दट्ट्याची सिरिंज यांपासून जपा.

खरा घात बर्फाने केला. साधारण 20 अंशांवरून 8 अंशांपर्यंत येताना शुक्राणूचं आवरण फार नाजूक असतं. तो उतार दोन ते चार तासांचा हवा. बर्फात तो काही मिनिटांत होतो, आवरणाला इजा होते, शुक्राणू गोल गोल फिरू लागतात आणि थांबतात. त्यासाठी वीर्य पाठवण्याची खास पेटी मिळते. तिच्यात थंड पॅक आणि वीर्य यांच्यामध्ये उष्णता अडवणारा थर असतो, त्यामुळे तापमान सावकाश उतरून 5 अंशांच्या आसपास थांबतं. पिशवीतली हवा दाबून काढा. चोवीस तासांत वापरायचं असाच हिशेब धरा.

अकलूजच्या डॉक्टरांना एक जरूर विचारा: थेंब 37 अंशांवर पाच-दहा मिनिटं गरम करून पाहिला होता का? थंड थेंबात चांगले शुक्राणूही निपचित दिसतात.

गाईसारखी गोठवलेल्या वीर्याची कांडी का नाही, असंही बरेच जण विचारतात. बिकानेरला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या परिसरात ते काम होतं. पण गाईला 2 कोटी शुक्राणूंची कांडी पुरते. घोडीसाठी थंड वीर्य पाठवताना एका मात्रेत 100 कोटी चालते शुक्राणू धरतात. शिवाय गोठवणं सगळ्याच घोड्यांच्या वीर्याला मानवत नाही. तुम्ही सध्या थंड वीर्यावरच भर द्या.

पुढच्या वेळी पाठवण्याआधी घरीच चाचणी घ्या. एकाच वेळी काढलेल्या वीर्याचे भाग करा, एक्स्टेंडरचं प्रमाण वेगवेगळं ठेवा. काही 5 अंशांवर, काही 15 अंशांवर ठेवून दुसऱ्या दिवशी तपासा. काही घोड्यांना 5 अंश सोसत नाहीत, 15 चालतात. नैसर्गिक भरवणीत हे कधीच कळत नाही. पाठवताना पेटीत एक छोटी नळी तपासणीसाठी वेगळी ठेवा. आणि अकलूजहून घोडीच्या सोनोग्राफीत बीजपुटी (अंडाशयातली बीज असलेली पिशवी) 35 मिलिमीटरच्या पुढे गेल्याचा फोन आल्याशिवाय वीर्य काढूच नका.