रक्ती हगवणीवर जंताचं औषध नको
भाऊ, कोंबडीची तीन-चार आठवड्यांची पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा झाली आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर ती बहुतेक रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचा आजार, जंतांचा नाही). पिपराझिन पाजून उपयोग नाही, ते जंतांसाठी. इथे अँप्रोलियम लागतं. २० टक्के पावडर असेल तर लिटरभर पाण्यात १.२ ग्रॅम, ५ दिवस. दुसरं पाणी ठेवायचंच नाही. आजारी पिल्लू दाणे सोडतं, पण पाणी पितं. तेवढे दिवस बी-कॉम्प्लेक्स बंद ठेव, नाहीतर औषधाचा जोर जातो (दुकानदार हमखास दोन्ही हातात देतो!). ड्रिंकरखालचं (पाण्याच्या भांड्याखालचं) अंथरलेलं तूस मुठीत दाबून बघ. लाडू वळला तर ते ओलं आहे, काढून कोरडं टाक. मर थांबली नाही तर ताजं मेलेलं पिल्लू डॉक्टरांकडे ने, आतडं उघडून बघतील.