बीटल्सचं आणखी एक चरित्र घ्यावं का?

बीटल्सची दोन चरित्रं घरात असताना कॉलेज रोडच्या दुकानात पाहिलेल्या तिसऱ्यावर हजार-बाराशे रुपये घालावेत का, असं तुम्ही विचारलंय. घ्या, पण पैसे देण्याआधी पुस्तकाच्या शेवटची सूची उघडून अनिल भागवत हे नाव शोधा.

का, ते सांगतो. माझा भाचा पंचवटीत तबला शिकतो. त्याला बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या रेकॉर्डमधलं (१९६६) 'लव्ह यू टू' हे गाणं ऐकवलं, तर त्याचा पहिला प्रश्न, "मामा, तबल्यावर कोण आहे?" भागवतांचं नाव निदान त्या रेकॉर्डच्या कव्हरवर होतं. पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर' आली. तिच्यातल्या 'विदिन यू विदाउट यू'मध्ये दिलरुबा, तबला, तंबोरा वाजवणारे लंडनचे भारतीय कलाकार होते, पण कव्हरवर त्यांच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी या चौघांची नीट ओळख पटायला २०१७ उजाडलं. पन्नास वर्षं! मधल्या काळात चरित्रांचा नुसता पाऊस पडला होता. मला याचं आजही वाईट वाटतं.

त्यामुळे 'आता नवं काय सांगणार' हे मला पटत नाही. मार्क लुइसन यांनी लिहिलेल्या बीटल्सच्या चरित्राचा पहिला खंड २०१३ साली आला. नऊशेहून अधिक पानं, आणि कहाणी थांबते १९६२ अखेर, म्हणजे पहिली एलपी निघायच्याही आधी. जुनी पुस्तकं समोर ठेवून नवं लिहिण्याऐवजी मूळ कागदपत्रांपर्यंत गेलं की एवढं हाती लागतं. १९६८ चं अधिकृत चरित्र जरूर वाचावं, पण बँड तेव्हा एकत्र होता आणि मजकूर घरच्यांच्या नजरेखालून गेला होता, हे ध्यानात ठेवून.

मला स्वतःला हवंय ते जानेवारी १९६८ वरचं पुस्तक. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन तेव्हा मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करत होता. बीटल्सच्या 'द इनर लाइट' या गाण्यातलं वादन तिथलंच. नाशिकरोडहून रेल्वेने चार तासांवर घडलेली ही गोष्ट, आणि बऱ्याच चरित्रांत ती दोन परिच्छेदांत उरकलेली असते.

बँडचे सुरुवातीचे हॅम्बुर्गमधले दिवस आणि शेवटची फूट तुमच्याकडच्या दोन पुस्तकांत असणारच. त्याच त्या गोष्टीसाठी पैसे घालू नका. सूचीत भागवत किंवा त्या चौघांपैकी कोणी सापडलं, तर मला पान क्रमांक कळवा. भाच्याला वाचून दाखवायचंय.