आधी पाणी कुठे अडलंय ते शोधा

या वेळी मोटरहोम आणि कॅराव्हॅनमधल्या सांडपाण्याबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून हाच घेते आहे. गाड्यांमधलं नळकाम हाच माझा व्यवसाय आहे. टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह उघडून बघण्यातच माझा दिवस जातो, त्यामुळे या पत्रांतली कळकळ मला नीट समजते. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: ताई, आमच्या मोटरहोममधल्या स्वयंपाकाच्या सिंकचं पाणी हल्ली फार सावकाश उतरतं. उतरताना गुडगुड आवाज येतो. पॅनेलवर ग्रे टँक (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी) एक तृतीयांशच भरलेली दिसते, म्हणजे टाकीचा दोष नसावा. पाइप मोकळा करायची तीव्र पावडर आणून ठेवली आहे. ती टाकू का?

उत्तर: नको. ती पावडर गाडीतून बाहेरच काढून ठेवा. अशा पावडरीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात विरघळताना भरपूर उष्णता सोडतो. पाणी वाहतं असेल तर ती उष्णता वाहून जाते. तुमच्याकडे पाणी साचलेलं आहे, त्यामुळे पावडर ट्रॅपच्या, म्हणजे सिंकखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीच्या, तळाशी बसते आणि तिथेच तापते. गाडीतले पाइप प्लॅस्टिकचे, सांध्यांत रबरी वॉशर, पुढे टाकीच्या व्हॉल्व्हला रबरी सील. हे सगळं त्या उष्णतेच्या आणि रसायनाच्या वाटेत येतं. तरीही तुंबा निघाला नाही तर तो ट्रॅप कुणाला तरी उघडावा लागतोच, आणि आतलं पाणी उघडणाऱ्याच्या हातांवर, डोळ्यांत उडू शकतं. त्यामुळे कोणी मला गाडी दाखवायला आणली की आत काय ओतलं होतं, हे मी पहिल्यांदा विचारते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. सिंकमधून पाणी जात नाही म्हणजे सिंकचा पाइप तुंबलाय, असा अर्थ गाडीत लावू नये. ते तीन ठिकाणी अडू शकतं. एक, टाकीच भरली आहे. दोन, पाणी जायला पाइपमध्ये हवा मिळत नाही. तीन, खरोखर काहीतरी अडकलं आहे. हे याच क्रमानं तपासा, कारण पहिल्या दोन गोष्टी तपासायला हातही खराब होत नाहीत.

आधी शॉवरच्या तळाकडे बघा. बहुतेक गाड्यांत सांडपाण्याचं सर्वांत खालचं तोंड तेच असतं. सिंकमध्ये पाणी सोडल्यावर शॉवरच्या जाळीतून पाणी वर येत असेल तर बहुधा टाकी भरली आहे, पॅनेल काहीही म्हणो. टाकीच्या भिंतीत ठरावीक उंचीवर धातूची टोकं बसवलेली असतात आणि पाणी त्यांना टेकलं की दिवा लागतो. टोकांवर ओशट थर बसला की रिकामी टाकी भरलेली दिसते. वायर सुटली किंवा टोक गंजलं की भरलेली टाकी रिकामी दिसते. शिवाय मोठ्या गाड्यांत कधीकधी दोन ग्रे टँक असतात, एक शॉवरची आणि एक स्वयंपाकघराची. तुम्ही बघताय तो दिवा भलत्याच टाकीचा असू शकतो. गाडीखाली वाकून बाहेर किती व्हॉल्व्ह आहेत ते मोजा. ही दुसरी टाकी असते हेच मालकाला ठाऊक नसल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

टाकी रिकामी करूनही पाणी तसंच राहिलं तर हवेकडे वळा. तुमच्या पत्रातला गुडगुड आवाज मला तिकडेच बोट दाखवतो. स्ट्रॉमध्ये पाणी घेऊन वरचं तोंड बोटानं दाबलं तर ते खाली पडत नाही, तसंच पाइपचं आहे. मागून हवा आली नाही तर पाणी अडखळत, हवेचे घोट घेत उतरतं. सिंकखालच्या कपाटात, ट्रॅपच्या पुढे, उभ्या नळीच्या टोकावर प्लॅस्टिकची एक छोटी टोपी दिसेल. तो एकदिशा हवेचा व्हॉल्व्ह. आतली रबरी चकती पाणी जाताना उघडून हवा आत घेते आणि एरवी बंद राहून टाकीचा वास अडवते. स्वयंपाकाच्या तेलकट वाफेनं ती चकती चिकटून बसते. ही टोपी आट्यांवर बसवलेली असते. ती हातानं फिरवून काढा आणि सिंकमध्ये पाणी सोडा. पाणी झरझर गेलं तर दोष सापडला. तशीच नवी आणून उभी, सरळ बसवा. जुनी काढून नळी उघडी सोडायची नाही, कारण तिथून टाकीतला वायू थेट तुमच्या झोपायच्या जागेत येतो. नळीला बूच मारायचं नाही, पाणी पुन्हा अडखळेल.

टाकीला छतावर उघडणारी स्वतःची व्हेंट, म्हणजे हवेची नळीही असते. ती बंद झाली तर एकच सिंक नाही, सगळीच तोंडं मंदावतात. छतावर चढून टोपण काढा आणि टॉर्चनं आत बघा. पालापाचोळा, कोळ्याची जाळी, गांधीलमाशीचं पोळं यांतलं काहीही तिथे सापडू शकतं. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा मालक आतून एकामागून एक बाटल्या ओतत राहिला होता आणि मातीचं पोळं वर छतावर बसलं होतं. त्याचे पैसे तर गेलेच, पण व्हॉल्व्हचं सीलही सुजलं, याचं मला फार वाईट वाटलं.

हवा ठीक असेल तरच तुंब्याला हात घाला. गाडीत सिंकचे पाइप साधारण दीड इंची म्हणजे 38 मिलिमीटरचे असतात. जागा नसल्यामुळे त्यांना वळणं जास्त आणि उतार कमी. आपण पाणी जपून वापरतो, त्यामुळे ओशट पाणी रेंगाळतं, गार होतं आणि आतून मेणचट थर धरतं. ट्रॅपखाली बादली ठेवा, दोन्ही मोठे नट हातानं सोडवा, वाकडी नळी काढून बाहेर नेऊन धुवा. परत बसवताना वॉशरची निमुळती बाजू नटाकडे न ठेवता जोडाच्या आत जाईल अशी ठेवा, आणि नट हातानंच आवळा. पान्यानं जोर लावला की प्लॅस्टिकच्या आट्या जातात. काम झाल्यावर सिंक भरून एकदम सोडा आणि कोरडा कागद फिरवून प्रत्येक सांधा बघा.

ट्रॅप स्वच्छ निघाला तर तुंबा पुढे आहे. तिथून प्लंबरची बारीक स्प्रिंग, सुमारे 6 मिलिमीटरची, हातानं फिरवत आत घाला. अडली की ढकलू नका, मागे घेऊन फिरवा. मात्र काही गाड्यांत वाकड्या ट्रॅपऐवजी सरळ नळीसारखा बिनपाण्याचा ट्रॅप असतो, त्यात मऊ सिलिकॉनचा पडदा असतो. स्प्रिंग त्याच्यातून घातली की पडदा फाटतो. तो आधी काढून घ्या. प्लंजर वापरणार असाल तर शेजारच्या सिंकचं तोंड ओल्या फडक्यानं घट्ट दाबून धरा, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जाईल. जोर बेताचाच लावा. हे सांधे घट्ट चिकटवलेले नसतात, हातानं आवळलेले असतात.

प्रश्न: आम्ही सांडपाण्याची कायम जोडणी असलेल्या जागी राहतो. टॉयलेटच्या टाकीचा व्हॉल्व्ह सोयीसाठी उघडाच ठेवला होता. आता पॅनेल ती टाकी कायम भरलेली दाखवतं, आणि टॉयलेटमधून टॉर्च मारला तर खाली ढीग दिसतो. टाकी बदलावी लागेल का?

उत्तर: घाबरू नका. टाकी बदलायची वेळ क्वचितच येते. पण झालं काय ते समजून घ्या, कारण तीच सवय राहिली तर पुन्हा हेच होईल. व्हॉल्व्ह उघडा असला की पाणी लगेच निघून जातं. मैला आणि कागद टॉयलेटच्या बरोबर खाली पडतात, थरावर थर चढतो आणि वाळून घट्ट होतो. त्याला हलवणारी एकच शक्ती आहे, एकदम सुटलेलं भरपूर पाणी, आणि तेच टाकीत साठू दिलेलं नाही.

व्हॉल्व्ह बंद करा. टॉयलेटमधून बादलीनं पाणी ओतत टाकी पाऊण भरा. नळाचं कोमट पाणी उत्तम, उकळतं नको. त्यात एन्झाइम आणि जिवाणू असलेलं टाकीसाठीचं औषध घाला आणि किमान एक रात्र, जमलं तर दोन-तीन दिवस भिजू द्या. या काळात टॉयलेट वापरू नका. ब्लीच टाकू नका, ते याच जिवाणूंना मारतं. शिवाय टाकीत मूत्रातला अमोनिया असतो, आणि त्याच्याशी ब्लीच मिसळलं की विषारी वायू तयार होतो. गाडी हलवता येत असेल तर थोडं फिरवून आणा, डचमळण्यानं ढीग सैल होतो. पण 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो वजन. शंभर लिटरची टाकी पाऊण भरली तर 75 किलो जास्तीचं ओझं टाकीच्या पट्ट्यांवर लटकतं. आधी गाडीखाली वाकून त्या पट्ट्या बघा आणि हळू चालवा.

मग व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडा. होजला, म्हणजे टाकीतलं पाणी बाहेर सोडायच्या लवचिक नळीला, पारदर्शक जोड लावलात तर काय निघतंय ते दिसतं. अर्ध्यावर थांबलं तर व्हॉल्व्ह बंद, पुन्हा पाणी, पुन्हा भिजवणं. एका फेरीत निघेल अशी आशा ठेवू नका. ढीग मऊ झाल्यावर टॉयलेटमधून आत घालायची फवारणीची लांब नळी मिळते, तिनं थेट त्याच्यावर पाण्याचा मारा करा. काठी किंवा लोखंडी सळई घालू नका, टाकीचा तळ आणि सेन्सरची टोकं दोन्ही धोक्यात येतात. टाकीला बाहेरून धुण्याची जोडणी असेल आणि व्हॉल्व्ह बंद ठेवून तिनं पाणी भरत असाल, तर जागचे हलू नका. फोन आला तरी नाही. भरलेल्या टाकीत पाणी जात राहिलं तर ते टॉयलेटमधून वर येतं, छताच्या व्हेंटमधून बाहेर पडतं, किंवा टाकीच फाटते. आणि त्या नळीनं पिण्याचं पाणी कधीही भरू नये, तिची जागा आणि रंग वेगळा ठेवा.

बर्फाचे तुकडे टाकून गाडी चालवा, ते टाकी घासून काढतील, असा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल. बर्फ तरंगतो आणि वितळतो. तळाशी घट्ट बसलेल्या ढिगाला त्याचा उपयोग नाही. तेवढंच पाणी जास्त घाला.

मोकळी झाल्यावर व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा. टाकी दोन तृतीयांश भरल्यावरच रिकामी करायची. आधी मैल्याची, मग ग्रे टँक, म्हणजे साबणाच्या पाण्यानं होज धुतली जाते. लगेच टॉयलेटमधून आठ-दहा लिटर स्वच्छ पाणी सोडून ठेवा, पुढचं सगळं पाण्यात पडलं पाहिजे. कागद कुठलाही आणलात तरी आधी बरणीत पाणी घेऊन त्यात तुकडा टाका आणि हलवा. तुकडे तुकडे झाले तर चालेल. ओले वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी टाकीत नकोत.

प्रश्न: व्हॉल्व्हचा दांडा हलका झालाय, ओढला की सहज येतो, पण टाकीतून काहीच निघत नाही. तुंबा आहे का?

उत्तर: हलका झालाय हेच महत्त्वाचं. तुंबा असेल तर दांडा नेहमीसारखाच लागतो. तुमच्या वर्णनावरून दांड्याला व्हॉल्व्हशी जोडणारी केबल तुटली आहे किंवा व्हॉल्व्हपासून सुटली आहे, त्यामुळे व्हॉल्व्हमधलं पाणी अडवणारं पातं बंदच आहे. बाहेरच्या तोंडाचं टोपण काढण्याआधी त्याखाली बादली ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला. पातं थोडं जरी उघडं असेल तर टोपणामागे पाणी साठलेलं असतं.

प्रश्न: खायचा सोडा आणि व्हिनेगर यांनी सिंक मोकळं होतं का?

उत्तर: फेस दिसतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात, उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. वास कमी करायला चालेल. ओशट थरासाठी भांडी घासायचा द्रव साबण आणि नळाचं गरम पाणी जास्त उपयोगी.

प्रश्न: कडक थंडीत सकाळी सिंक, शॉवर दोन्ही तुंबतात आणि दुपारी आपोआप मोकळे होतात. कुठला पाइप बदलू?

उत्तर: एकही नाही. पाणी गोठतंय. ग्रे टँकचा व्हॉल्व्ह तुम्ही उघडा ठेवत असणार. मग भांडी धुताना थेंब थेंब पाणी बाहेरच्या होजमध्ये जातं आणि थरावर थर गोठून होज बंद होते. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी भरत आली की दुपारी एकदम सोडा, होज निथळवून गुंडाळून आत ठेवा. गाडी उभी करून जाणार असाल तर ट्रॅपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, मोटरहोमसाठी मिळणारं गुलाबी अँटिफ्रीझ ओता. इंजिनचं इथिलीन ग्लायकॉलवालं नको, ते विषारी असतं आणि शेवटी सांडपाण्यात जातं.