कोल्ड रूममध्ये सेन्सर लावताना

पहिलंच काम आहे ना, मग भिंतीला भोक पाडायची घाई करू नकोस. आधी तापमानाचा सेन्सर दोरीने टांग, दार लाव आणि गेटवेपर्यंत, म्हणजे सेन्सरचे आकडे घेऊन पुढे इंटरनेटवर पाठवणाऱ्या डब्यापर्यंत, सिग्नल पोचतो का ते दिवसभर बघ. खोलीच्या भिंती पफ पॅनलच्या, म्हणजे मधे फोम आणि दोन्ही बाजूंनी पत्रा. वायफाय तिथे मान टाकतं. मी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारे लोरा सेन्सर घेतो, ते कमी विजेवर लांबवर सिग्नल पाठवतात.

प्रोब, म्हणजे सेन्सरचं तापमान मोजणारं टोक, पंख्याच्या झोतात नको, दाराशीही नको. तो ग्लायकॉलच्या (सहज न गोठणारा द्रव) छोट्या बाटलीत बुडवून ठेव, म्हणजे दार उघडलं की आकडा उसळत नाही आणि मालाच्या तापमानाचा अंदाज नीट येतो.

आता अलार्म. इथे माझ्याकडून मोठी चूक झाली होती. अलार्मला उशीर ठेवलाच नव्हता, तापमान चढलं की तो लगेच वाजायचा, त्यामुळे प्रत्येक डीफ्रॉस्टला, म्हणजे यंत्र कॉइलवरचा बर्फ वितळवतं तेव्हा, मालकाचा फोन वाजायचा. वैतागून त्यांनी आवाज बंद केला. पुढे एका रात्री कॉम्प्रेसर खरंच ट्रिप झाला आणि सकाळपर्यंत सगळं पनीर गेलं. ते अजून मनाला लागून आहे. तेव्हा डीफ्रॉस्ट किती वेळ चालतो ते मोज आणि त्याहून थोडा जास्त उशीर ठेव.

उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये लिथियम सेलच टाक, साधे अल्कलाइन थंडीत लवकर बसतात. गेटवेला यूपीएस हवाच, कारण वीज जाते तेव्हाच त्याची खरी गरज असते.

दर तीन महिन्यांनी बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेऊन प्रोब त्यात धर. शून्य यायला हवं. फरक दिसला तर तारखेसकट वहीत लिही.