केवळ क्ष-किरणांवरून श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घन गाभा) असलेला जोडतारा ओळखता येतो का?

सहसा नाही; त्याच जागी दिसणाऱ्या ताऱ्याचा दृश्य प्रकाशातील वर्णपटही घ्यावा लागतो. सोबत्याकडून ओढलेला वायू श्वेत बटूभोवती तबकडीच्या रूपात वेगाने फिरत असल्यामुळे हायड्रोजनच्या उत्सर्जन रेषा रुंद, काही वेळा दुभंगलेल्या दिसतात. उलट, ज्वाला उसळणारे एकटे लाल बटू तारेही क्ष-किरण देतात, पण त्यांच्या याच रेषा अरुंद असतात (गल्लत नेमकी इथे होते). आयनीभूत हेलियमची ४६८.६ नॅनोमीटरची रेषा ठळक असेल तर श्वेत बटू चुंबकीय असल्याचा संशय बळावतो, मात्र तो पुरावा नव्हे. पक्का निर्वाळा क्ष-किरणांतील स्पंदने देतात: बहुधा श्वेत बटूचा स्वतःभोवती फिरण्याचा काही मिनिटांचा परिवलनकाळ आणि जोडीचा एकमेकांभोवतीचा काही तासांचा परिभ्रमणकाळ असे दोन वेगळे काळ सापडले, तर तो ‘इंटरमीजिएट पोलर’ (चुंबकीय श्वेत बटू असलेल्या जोडताऱ्यांचा एक प्रकार) ठरतो. अपवाद ‘पोलर’ प्रकाराचा. तेथे प्रबळ चुंबकत्वामुळे तबकडी तयारच होत नाही आणि दोन्ही काळ जवळपास एकच असतात. पुण्यात असाल तर सुचवतो: २०१५ साली प्रक्षेपित झालेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहाच्या निरीक्षणांसाठीचे साहाय्य केंद्र पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतच आहे.