जुना कॉम्प्युटर आणि लिनक्स : वाचकांचे प्रश्न

लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे. विंडोज ११ चालत नाही. कोणतं लिनक्स टाकू?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे प्रश्न वेळेवर आलाय. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, तिचे बरेच प्रकार आहेत. त्यातल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबीवर ती बरी चालते. लुबुंटूही हलकं आहे. यापेक्षा जास्त काथ्याकूट करू नका, कारण रॅम खाणारा खरा भस्म्या ब्राउझर असतो आणि तो सगळीकडे तेवढंच खातो. हार्ड डिस्क जुनी फिरती असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवा. वेगातला फरक लगेच जाणवेल.

विंडोजमध्ये ‘३२ बिट’ दिसतं. म्हणजे संपलं का?

नाही. आजची बहुतेक लिनक्स ६४ बिट प्रोसेसरसाठीच असतात हे खरं, पण ‘सिस्टिम टाइप’ची ओळ शेवटपर्यंत वाचा. तिथे ‘एक्स६४ बेस्ड प्रोसेसर’ असेल, तर विंडोज ३२ बिट असलं तरी प्रोसेसर ६४ बिट आहे. ६४ बिट लिनक्स बिनधास्त टाका. प्रोसेसरच ३२ बिट असेल तर पर्याय मोजके उरतात. डेबियन या जुन्या लिनक्सनेसुद्धा २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं.

लिनक्सची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची फाइल) पेनड्राइव्हवर कॉपी केली, पण त्यावरून कॉम्प्युटर सुरू होत नाही.

नुसत्या कॉपीने होत नाही. रूफस किंवा एचर या प्रोग्रामने ती फाइल पेनड्राइव्हवर लिहावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मग कॉम्प्युटर सुरू करताना बूट मेनू (कशावरून सुरू व्हायचं त्याची यादी) उघडून पेनड्राइव्ह निवडा. त्यासाठीची की कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा एस्केप अशी वेगवेगळी असते.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचंय. फोटो जातील का?

जाऊ शकतात. बॅकअप आधी, बाकी सगळं नंतर. आणि तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर (भागावर) नको, बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि लिनक्सला ते पार्टिशन नीट वापरता येत नाही. जागा विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून मोकळी करा. इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ हा पर्याय येतो, घात तिथेच होतो. तो निवडलात की विंडोजसकट सगळी डिस्क साफ. ‘नेक्स्ट नेक्स्ट’ दाबत जायची सवय असलेल्यांनी या पडद्यावर हात आवरावा.

इन्स्टॉल झालं, पण वायफायच दिसत नाही.

बहुधा ब्रॉडकॉम कंपनीची वायफाय चिप असेल. तिचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) बऱ्याचदा वेगळा टाकावा लागतो. आता ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर! फोन केबलने जोडा, फोनवर ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला मिळेल. मग मिंटमधल्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ड्रायव्हर टाकून रीस्टार्ट करा. अजून इन्स्टॉल न केलेल्यांनी मात्र पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह लिनक्स चालवून वायफाय, आवाज आणि टचपॅड तपासावेत. इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत डिस्कला धक्का लागत नाही.